खाऱ्या पाण्यावरून परतलेले इंजिन : नांगरलेल्या होडीवर गोड्या पाण्याची धुलाई

होडी बंदराला लागली, मासळी उतरली, जाळी वाळत पडली आणि नांगर टाकला की दिवसाचे काम संपले, असे समजण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत आहे. शिडाच्या आणि वल्ह्याच्या होडीस ती शोभत असे. खारे पाणी लाकडालाही बाधते, पण त्याची खूण डोळ्यांना दिसते आणि सुतारास वेळीच बोलावता येते. आउटबोर्ड इंजिनाची गोष्ट निराळी आहे. ते बंद केल्यावरही त्याच्या पोटात थोडासा समुद्र शिल्लक राहतो, आणि खलाशी घरी जाऊन झोपला तरी तो समुद्र आपले काम करीत असतो. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या दिवशी किनाऱ्यापासून काही मैलांवर, ओहोटीचा ओढ बाहेरच्या बाजूस असताना, इंजिन तापून बंद पडते. त्या वेळी दोष इंधनास किंवा कारखान्यास दिला जातो. इंजिन उघडून पाहिले, तर फार करून पाण्याच्या वाटा मिठाने व गंजाने बुजलेल्या आढळतात.

हे यंत्र मुळात गोड्या पाण्याच्या काठी जन्मास आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओले एविन्रूड याने १९०९ साली जी आउटबोर्ड इंजिने विक्रीस आणली, ती प्रामुख्याने तेथील सरोवरांवर फिरणाऱ्या वल्ह्यांच्या होड्यांसाठी होती. आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकात पारंपरिक होड्यांना अशी इंजिने बसविण्याचा मोठा प्रसार झाला. आज पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत लहान मच्छीमाराच्या भांडवलाचा मोठा वाटा या एका यंत्रात गुंतलेला असतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्यास बैलाची किंवा पंपाची निगा जितकी जिव्हाळ्याची, तितकीच मच्छीमारास या इंजिनाची निगा वाटावयास हवी. बैल दमला तर सांगतो. इंजिन सांगत नाही.

मीठ नेमके काय करते

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. आउटबोर्ड इंजिनास मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात होडी चालते तेच पाणी त्यास थंड ठेवते. पंख्याच्या वरच्या बाजूस, पायाच्या खोडात, रबरी पात्यांचे एक लहान चाक असते. त्यास इंपेलर म्हणतात. ते खालच्या जाळीतून पाणी ओढून नळीने वर ढकलते. ते पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते, बरेचसे धुराबरोबर खाली निघून जाते आणि थोडेसे एका बारीक धारेने बाहेर पडते. ही धार पाहूनच तांडेल पाणी फिरत असल्याची खात्री करून घेतो.

इंजिन बंद झाले की यातील बहुतेक पाणी खाली ओघळते, पण सर्व नाही. कोपऱ्यांत, थर्मोस्टॅटच्या मागे आणि सिलिंडरच्या टोपणाखाली ते साचून राहते. असे अर्धा लिटर पाणी राहिले असे धरले, तर त्यात सतरा ते अठरा ग्रॅम क्षार असतात. इंजिन गरम असते, पाणी आटते, मीठ जागेवर बसते. दुसऱ्या दिवशी नवे पाणी येते व त्यातील बरेच मीठ विरघळवून नेते, हे खरे. परंतु सर्वच नेत नाही, आणि जाताना आपला नवा वाटा ठेवून जाते. रोज थोडे याप्रमाणे वाटा अरुंद होत जातात.

वाट बुजणे हा अर्धाच तोटा होय. इंजिनाचा मुख्य भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. या धातूच्या पृष्ठावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा आपोआप तयार होतो आणि तोच त्यास वाचवितो. समुद्राच्या मिठातील क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडते व तेथे सुईच्या टोकासारखी छिद्रे पडू लागतात. त्यात लोखंडी बोल्ट आणि पितळी भाग ॲल्युमिनियमला लागून असतील व मध्ये खारे पाणी असेल, तर तेथे बॅटरीतल्याप्रमाणे सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. समुद्री मिठात मॅग्नेशियमचेही क्षार असतात व ते हवेतील ओल शोषून घेतात. कोकणासारख्या दमट हवेत वाळलेले मीठ खऱ्या अर्थाने कोरडे कधीच राहत नाही. म्हणून इंजिन चालत नाही तेव्हा ते झिजतही नाही, ही समजूत खोटी आहे; न धुता पडून राहिलेले इंजिन रोज चालणाऱ्यापेक्षा लवकर खराब होते.

एक दिलासा असा की, मीठ पाण्यात अत्यंत सहज विरघळते. ते ओले असतानाच गोडे पाणी मिळाले तर काही मिनिटांत निघून जाते. वाळून, तापून, चुन्याच्या व गंजाच्या थरात अडकल्यावर मात्र साध्या पाण्यास दाद देत नाही. यास्तव धुलाई परतल्याबरोबर, इंजिन कोमट असतानाच करावी. रविवारी सवडीने करू असे म्हणू नये.

होडी नांगरावर, नळ किनाऱ्यावर

पुस्तकात धुलाईची रीत वाचावयास सोपी असते : नळास रबरी नळी जोडावी, दोन रबरी पेल्यांचा चिमटा पायाच्या जाळीवर बसवावा, पाणी सोडावे, इंजिन चालू करावे. होडी वाळूवर ओढून घेता येत असेल व जवळ दाबाचे पाणी असेल, तर ही रीत चांगलीच आहे. फक्त पाणी आधी सोडावे व इंजिन नंतर चालू करावे, बंद करताना इंजिन आधी व पाणी नंतर, हा क्रम चुकवू नये. इंपेलरच्या रबरास पाणी हेच वंगण असते. कोरडे फिरले तर त्याची पाती अल्पावधीत जळतात.

परंतु खाडीत नांगरावर उभ्या असलेल्या होडीस नळ कोठून आणावा? कोकणातील बहुसंख्य लहान बंदरांत हीच स्थिती असते. त्यासाठी इंजिनाचा आकार पाहून निरनिराळे मार्ग आहेत.

८ ते १० अश्वशक्तीचे लहान इंजिन साधारणपणे ३५ ते ४० किलो भरते. चोरीच्या भयाने पुष्कळ जण ते रोज काढून घरी नेतातच. मग धुलाईही तेथेच करावी. प्लास्टिकचे मोठे पिंप घ्यावे, त्याच्या काठावर जाड फळी पक्की बसवून तिच्यावर इंजिन आवळावे. पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याखाली चार बोटे बुडेल इतके पाणी भरावे. त्यास सत्तर ते ऐंशी लिटर लागते. पंखा काढून ठेवणे उत्तम. न काढल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची दोनदा खात्री करावी. इंजिन अगदी मंद गतीने पाच ते दहा मिनिटे चालू द्यावे. गती वाढविल्यास धुराचे बुडबुडे जाळीत शिरतात व इंपेलरला पाण्याऐवजी हवा मिळते. ही धुलाई उघड्यावर करावी. बंद पडवीत किंवा खोपीत इंजिनाचा धूर माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

इंजिन होडीवरून उतरविताना ते काही मिनिटे उभे धरून पाणी निथळू द्यावे, आणि नेताना अथवा आडवे ठेवताना डोके नेहमी पायापेक्षा वर असावे. उलट झाल्यास पायातील खारे पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते. घाईत खांद्यावर टाकून नेलेली किती तरी इंजिने अशी मेली आहेत, आणि दोष मात्र मेकॅनिकच्या माथी बसला आहे.

२५ किंवा ४० अश्वशक्तीचे इंजिन रोज उतरविणे शक्य नसते. त्यासाठी जाड ताडपत्रीची, चार कोपऱ्यांस दोर लावलेली पिशवी वापरावी. इंजिन वर उचललेले असताना पिशवी पायाखाली ओढून घेऊन दोर होडीच्या मागच्या बाजूस बांधावेत. मग इंजिन पिशवीत खाली सोडून तीत कॅनमधील गोडे पाणी ओतावे. पिशवी तरंगत्या होडीस लागून समुद्रातच राहते. बाहेरचे पाणी आतल्या पाण्याचे वजन पेलते, त्यामुळे दोरांवर फारसा ताण येत नाही. पिशवीत तळाशी समुद्राचे पाणी राहू देऊ नये. हे क्षुल्लक वाटते, पण हिशेब पाहा : पाच लिटर खारे पाणी आत राहिले तर त्यात पावणेदोनशे ग्रॅम मीठ असते, त्यावर चाळीस लिटर गोडे पाणी ओतले तरी दर लिटरला सुमारे चार ग्रॅम मीठ उरते. म्हणजे लांबून वाहून आणलेल्या पाण्याचा काही गुण फुकट गेला. गिअर न्यूट्रलमध्येच असावा, नाही तर पंखा एका फेऱ्यात पिशवी फाडील. कोणासही पाण्यात उतरून पिशवी धरावयास सांगू नये. काम झाल्यावर इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटे तसेच उभे राहू द्यावे, वरचे पाणी ओघळू द्यावे, आणि मग पाय समुद्राबाहेर येईल इतके वर उचलून अडकवावे.

अलीकडच्या अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांना टोपणाजवळ धुलाईचे स्वतंत्र तोंड असते. त्यास नळी जोडून इंजिन बंद ठेवूनच पाणी सोडावयाचे असते. कॅनमध्ये बॅटरीवर चालणारा लहान पंप सोडला तर वीस लिटरमध्ये बरे काम होते. येथे पाणी विभागून वापरण्यात मोठा लाभ आहे. आत अर्धा लिटर खारे पाणी आहे असे धरा. दहा लिटर पाणी एकदम घातले व अर्धा लिटर मागे राहिले, तर सुमारे आठ-नऊ दशांश ग्रॅम मीठ उरते. तेच दहा लिटर पाच-पाच करून, मध्ये निथळण्यास वेळ देऊन घातले, तर दीड दशांश ग्रॅमच उरते. वरण शिजविण्यापूर्वी डाळ एका मोठ्या पाण्यात न धुता दोन-तीन पाण्यांत धुतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाणी कोणाच्या वाट्याचे?

येथवर जे सांगितले त्यावर किनाऱ्यावरून एकच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत जेथे घरातल्या स्त्रिया डोक्यावरून हंडे वाहून आणतात, तेथे रोज ऐंशी लिटर पाणी इंजिनास घालावे, हे सांगणे सोपे व करणे लज्जास्पद आहे. पावसाळ्यात कोकणात आभाळ फाटते, आणि उन्हाळ्यात त्याच गावची विहीर तळ दाखविते. अशा गावात धुलाईचा सल्ला पाळला जात नाही तो आळसामुळे नव्हे.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिला असा की, धुलाईचे पाणी पिण्यायोग्य असण्याची मुळीच आवश्यकता नाही. खाडीकाठच्या ज्या मचूळ विहिरीचे पाणी कोणी तोंडात घेत नाही, तिच्यात दर लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असले तरी समुद्राच्या मानाने ते दहावा हिस्साही नाहीत. असे पाणी गाळून, गाळ तळाशी बसू देऊन खुशाल वापरावे. चिखलाचे किंवा स्वयंपाकघरातील खरकटे पाणी मात्र वापरू नये.

दुसरा उपाय पिंपाच्या रीतीपुरता आहे व तो अधिक मोलाचा आहे. एका धुलाईत इंजिनाच्या आतून आणि पायास लागलेले मिळून वीस ग्रॅम मीठ पिंपात उतरते असे धरले, तर पंचाहत्तर लिटर पाण्यात ते दर लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास होते. तेच पाणी सात दिवस वापरले तरी सुमारे दोन ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे मचूळ विहिरीइतकेच. तेव्हा पिंप रोज ओतून देण्याचे कारण नाही. आठवड्यास एकदा भरावे, झाकून ठेवावे, आणि रोजच्या धुलाईनंतर शेवटी एक कळशीभर ताजे पाणी पायावरून सोडावे. रोजच्या ऐंशी लिटरांऐवजी आठवड्यास ऐंशी लिटर व सात कळश्या एवढ्यावर भागते. धुरामुळे या पाण्यात तेल उतरते, म्हणून आठवड्यापेक्षा अधिक ठेवू नये व ते विहिरीच्या किंवा भाजीच्या वाफ्याच्या आसपास ओतू नये.

ज्यांची होडी मोठ्या खाडीत असते त्यांना निसर्गही थोडी मदत करतो. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्यांच्या खाड्यांत पावसाळ्यानंतरचे काही आठवडे वरच्या भागात, ओहोटीच्या अखेरीस, पाणी जवळजवळ गोडे असते. तेथवर कामासाठी जाणे होतच असेल तर परतण्यापूर्वी दहा मिनिटे इंजिन त्या पाण्यात मंद चालू ठेवल्यास वेगळी धुलाई लागत नाही. जिभेवर थेंब ठेवून पाहावा, अन्य यंत्र नको. उन्हाळा वाढेल तसे खारे पाणी वर वर सरकते आणि ही सोय संपते. मात्र उथळ पाण्यात, तळाचा गाळ ढवळला जात असेल तेथे, इंजिन चालवू नये. मिठापेक्षा चिखल वाईट. त्याच कारणाने ज्या जागी ओहोटीत होडी चिखलात बसते तेथे पाय वर उचलून ठेवल्याशिवाय होडी सोडून जाऊ नये. उधाणाच्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ खाली उतरते, हे नांगर टाकतानाच ध्यानात घ्यावे.

बाहेरची बाजू आणि काही बारीक गोष्टी

इंजिन आवळण्याचे स्क्रू, उचलण्याचा सांधा, सुकाणूचा आस यांवरील मीठ पंपाच्या वाटेने धुतले जात नाही. आंब्याच्या बागेत फवारणीसाठी पाठीवरचा जो पंप वापरतात, तो येथे उत्तम काम देतो. तीन-चार लिटरांत सर्व बाजू स्वच्छ होतात. हा पंप नवा व याच कामासाठी राखलेला असावा. औषध मारलेला पंप मासळीच्या होडीवर आणणे सर्वस्वी अयोग्य होय. टोपणाखाली फवारताना कार्ब्युरेटरच्या हवेच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नये. वाळल्यावर सांध्यांना समुद्री वापराचे ग्रीस द्यावे.

पायावर बसविलेला जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो. तो छान दिसावा म्हणून त्यास रंग देणारे लोक आहेत. रंग दिला की त्याचा उपयोग संपला. निम्मा झिजला की बदलावा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा पुष्कळ बंदरांत आहे. तो मिठाने अडकून इंजिन तापते, म्हणून काढला जातो. त्याने त्या दिवसाची अडचण टळते, परंतु इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, इंधन अधिक खाते आणि काजळी धरते. नियमित धुतलेला थर्मोस्टॅट सहसा अडकत नाही. पिंपात किंवा पिशवीत इंजिन काही मिनिटे चालू द्यावयास सांगितले आहे त्याचे एक कारण हेही आहे : गार इंजिनात थर्मोस्टॅट मिटलेला असतो, आणि तो उघडेपर्यंत गोडे पाणी सर्व पोकळ्यांत पोहोचत नाही.

केरोसीनवर चालणारे इंजिन बंद करण्यापूर्वी पेट्रोलवर आणावे लागते, हे सर्वांस ठाऊकच आहे. ही धुलाई पेट्रोलवरच करावी. दोन्ही कामे एकाच वेळी होतात. मंद गतीने दहा मिनिटांत लहान इंजिनास पाव लिटरही इंधन लागत नाही.

धार बारीक झाली तर प्रथम तिच्या छिद्रात पातळ तार घालून पाहावी. बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनाच्या छिद्रात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले कित्येकदा आढळते. छिद्र मोकळे असूनही धार येत नसेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. वाटा चुन्याच्या थराने बुजल्या असतील तर मेकॅनिककडून टोपण उघडवून स्वच्छ करून घ्यावे. घरात फरशी धुण्यासाठी आणलेले ॲसिड इंजिनात ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ते चुन्याबरोबर ॲल्युमिनियमही खाते.

बंदीच्या काळाआधी

जूनमध्ये मासेमारी बंदी सुरू होण्यापूर्वीची शेवटची धुलाई नेहमीपेक्षा अधिक वेळ, ताज्या पाण्याने करावी. ती चालू असतानाच शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओल धरते. दोन महिने कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल त्यास आतून खराब करते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व दोरी हळूच एक-दोनदा ओढावी. गिअरचे तेल बदलावे. जुने तेल ताकासारखे दुधाळ निघाले तर आत पाणी शिरत आहे असे समजावे व सील पाहून घ्यावे. नंतर इंजिन कोरड्या जागी, उभ्या घोडीवर, प्लास्टिकमध्ये घट्ट न गुंडाळता ठेवावे. गुंडाळल्यास आतली ओल आतच राहते.

उलटलेल्या होडीबरोबर इंजिन समुद्रात बुडाले, तर काढल्याबरोबर ते उन्हात वाळत ठेवण्याची चूक पुष्कळांकडून होते. गंज खरा चढतो तो हवा लागल्यावर. अशा वेळी इंजिन लगेच गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे, प्लग काढून सिलिंडरमधील पाणी काढावे, तेल घालावे आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावे. मेकॅनिक त्या दिवशी भेटणार नसेल, तर तो भेटेपर्यंत इंजिन गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे.